सर्वत्र एकाच वेळीं



या क्षणीं माझा आवाज किती दिवाणखान्यांत पोंचला असेल, याची मोजदाद मला करतां येणार नाहीं. एकच मनुष्य एकाच वेळीं अनेक घरीं हजर राहतो, याचें आतां कोणास नवलही वाटत नाहीं. जळीं, स्थळीं, काष्ठीं, पाषाणीं असण्याचा मान आपल्या पूर्वजांनीं एका परमेश्वरालाच दिला होता. त्या चौकडींतील जळाविषयींच आज बोलावयाचें आहे.

मुंबईकर श्रोत्यांच्या घरांत माझ्याबरोबर आणखी एक पाहुणा या वेळीं बसलेला आहे. चहाच्या आधणांत तो आहे, देव्हाऱ्यांतल्या गडव्यांत आहे, न्हाणीघरांतही आहे. त्याचें गांव बहुधा शहापूर. तानशाचें धरण 1892 सालीं पुरें झालें. वैतरणेवरील मोडकसागर 1957 सालीं. पुढें भातसा आलें. मुंबईला रोज सुमारें 385 कोटि लिटर पाणी मिळतें, आणि त्यांतील जवळजवळ निम्मा वांटा एकट्या भातशाचा असतो. महानगरांतील कोणत्याही गल्लींत जा, शहापूर तालुका तेथें आधींच पोंचलेला आढळेल.

आढळत नाहीं तो स्वतःच्याच पाड्यांवर! या भागांत पाऊस धो धो कोसळतो, परंतु काळ्या कातळावरून तो तितक्याच वेगानें वाहून जातो. उन्हाळा लागला कीं झरे आटतात, विहिरींचा तळ दिसूं लागतो, आणि कसाऱ्याकडच्या डोंगरांतील ठाकूर, कातकरी, वारली वस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागते. टँकर आपलें पाणी विहिरींत ओततो. तेंच पाणी बायका पुन्हां पोहऱ्यानें उपसतात व डोक्यावरून घरीं नेतात. दूरवर धरणाचा जलाशय चकाकत असतो.

यावर नेहमीं मिळणारें उत्तर असें, कीं जलाशय खालीं आणि पाडे वर. पाण्याचा धर्म उतरण्याचा, त्याला कोण काय करणार? उत्तर अगदींच खोटें नाहीं. तानशाचें पाणी उतारानेंच मुंबईकडे धांवतें. पण भातशाची हकीकत निराळी आहे. तें पाणी नदींतून पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत येतें, तेथें तें प्रचंड पंपांनीं उचलावें लागतें, मग पांजरापूरला शुद्ध होऊन तें पुढें जातें. म्हणजे पाण्याला चढ चढावयास लावण्याची विद्या आपणांस चांगलीच अवगत आहे. कोणासाठीं चढवावयाचें आणि विजेचें बिल कोणीं भरावयाचें, एवढाच प्रश्न उरतो. आणि लहान ग्रामपंचायतीच्या तिजोरींत त्याचें उत्तर सांपडत नाहीं.

गंमत अशी, कीं मुंबईंत तरी पाणी सर्वत्र एकाच वेळीं कोठें असतें? पालिकेचे चावीवाले ठरल्या वेळीं एका भागाची झडप उघडतात व दुसऱ्याची बंद करतात. पाळी शहरालाही आहे. गच्चीवरील टाकी ती पाळी झांकून ठेवते, म्हणून आपणांस नळ अखंड वाहतोसा भासतो. ज्याला टाकी नाहीं, त्या चाळींतील गृहिणीला हें सांगावें लागत नाहीं. ती पहाटे घड्याळाकडे पाहूनच उठते. पाड्यावरील बाईची पाळी तेवढी उघड्यावर, उन्हांत असते.

शेजारच्या मुरबाडची कथा बारवी धरणाची. औद्योगिक विकास महामंडळाचें हें पाणी अंबरनाथ, डोंबिवलीकडील कारखान्यांना व नगरांना जातें. धरणाची उंची वाढविली तेव्हां मुरबाड तालुक्यांतील घरें व शेतें पाण्याखालीं गेलीं. त्या कुटुंबांतील माणसांना महामंडळानें आणि पाणी घेणाऱ्या नगरसंस्थांनीं नोकऱ्या द्याव्या, असें ठरलें. बुडालेलें गांव नोकरीनें परत येत नाहीं. तरीही पिणाऱ्यावर कांहीं ऋण आहे, एवढें येथें कागदावर मान्य झालें, हें मला मोलाचें वाटतें.

शहापूरसाठीं इगतपुरी तालुक्यांतील भावली धरणाची योजना मंजूर झाली. भातसा, तानसा ज्याच्या अंगणांत, त्या तालुक्याला शेजारच्या जिल्ह्यांतून पाणी आणावयाचें, हें ऐकून प्रथम हसूंच येतें. पण भावली घाटावर आहे, पाडे घाटाखालीं. तेथून निघालेलें पाणी पंपावांचून, नुसत्या उतारानें, त्यांच्या दारीं येऊं शकतें.