फ्री वॉकिंग टूर: फुकट नाही, मग घ्यायची का?

मागच्या एपिसोडमध्ये शेंगेन व्हिसाच्या कागदपत्रांवर बोललो होतो. त्यानंतर जे मेसेज आले त्यातला एक बोईसरच्या एका मुलीचा आहे, तो वाचून दाखवतो. "दादा, आम्ही तिघी मैत्रिणी बर्लिन आणि प्रागला चाललोय. जिथे बघावं तिथे फ्री वॉकिंग टूर दिसतेय. खरंच फ्री असते का? घ्यायची का? आणि शेवटी टिप नाही दिली तर काय होतं?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. टिप नाही दिली तर काहीही होत नाही. कोणी अडवत नाही, कोणी ओरडत नाही. गाइड हसून "थँक यू" म्हणतो आणि तुम्ही निघून जाता. पण त्या दिवशी तुम्हाला फिरवण्याचे पैसे त्याच्या खिशातून गेलेले असू शकतात. कसे, ते सांगतो.

आधी हा प्रकार काय आहे तो बघू. शहराच्या मधल्या चौकात रंगीत छत्री घेऊन एक जण उभा असतो. ठरलेल्या वेळी वीस-तीस लोक जमतात. मग दोन-अडीच तास पायी फिरायचं, तो इंग्लिशमध्ये शहराच्या गोष्टी सांगतो, आणि शेवटी ज्याला जे वाटेल ते द्यायचं. २००४ मध्ये बर्लिनमध्ये सँडमन्स न्यू युरोप ही कंपनी सुरू झाली, आणि मग हा प्रकार युरोपभर पसरला. आज लहान-मोठ्या कितीतरी कंपन्या आहेत, आणि गुरुवॉकसारखी ॲप आहेत जिथे एकटा गाइडसुद्धा आपली टूर टाकू शकतो.

आपल्याला ही पद्धत काही नवीन नाही. देवळात कीर्तन असतं, दीड-दोन तास बुवा बोलतात, तिकीट नसतं, आणि शेवटी आरतीचं तबक फिरतं. कोणी दहा टाकतो, कोणी शंभर, कोणी नुसता हात फिरवून डोळ्यांना लावतो. फरक एवढाच की बुवांना बहुतेक वेळा देवस्थान किंवा मंडळ बिदागी देतं. ती ठरलेली असते, तबक हे वरचं. छत्रीवाल्या गाइडला बिदागी नाही. त्याच्याकडे फक्त तबक आहे.

आणि गंमत अशी की त्या तबकातूनही आधी दुसऱ्याचा वाटा निघतो. बऱ्याच ठिकाणी गाइडलाच कंपनीला किंवा ॲपला माणशी ठराविक रक्कम द्यावी लागते. ग्राहक आणून दिल्याचे पैसे. समजा, ही रक्कम माणशी तीन युरो आहे आणि पंचवीस जण आले. म्हणजे टूर सुरू व्हायच्या आधीच तो पंच्याहत्तर युरोंनी मायनसमध्ये आहे. पंधरा जणांनी दहा-दहा दिले, दहा जण तसेच सटकले, तर दीडशे जमले आणि पंच्याहत्तर उरले. त्यातून टॅक्स, स्वतःचा आरोग्य विमा, आणि जानेवारीच्या थंडीत चारच लोक आले त्या दिवसांची भरपाई. जोखीम सगळी त्याची. आपल्याकडे रायडर बाइक स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, पडला तर पाय स्वतःचा, आणि ॲपचा वाटा मात्र आधी कापलेला. तसंच हे, फक्त छत्री घेऊन.

म्हणून मी "फ्री" हा शब्द डोक्यातून काढून टाका म्हणतो. आपण शेअर रिक्षाला आधी विचारत नाही, कारण भाडं ठरलेलं आहे. इथे ठरलेलं नाही, म्हणून ते तुम्ही ठरवायचं, आणि टूरला उभं राहायच्या आधी ठरवायचं. माझा आकडा माणशी दहा युरो. टूर फारच आवडली तर पंधरा. युरो ढोबळमानाने शंभर रुपये धरा, म्हणजे हजार ते दीड हजार. हा आकडा ऐकून पोटात गोळा आला असेल तर टूर घेऊ नका, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. स्टुडंट असाल, खरंच हात तंग असेल, तर पाच द्या आणि सरळ सांगा की मी स्टुडंट आहे. गाइड लोकांना ते कळतं. त्यांच्यातले बरेच स्वतः शिकत असतात.

आता एक प्रसंग. प्रागमध्ये टूर संपली, गाइड समारोपाचं बोलत होती. माझ्या मागे दोन मुलं उभी होती. अडीच तास पुढे पुढे करून सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनीच विचारले होते, फोटोही तिच्याकडूनच काढून घेतले होते. त्यातला एक दुसऱ्याला हळूच म्हणाला, "चल, कल्टी मार." मराठीत. इथे कोणाला कळतंय, म्हणून बिनधास्त. तिला शब्द कळला नाही, पण पाठी दिसल्या ना. ती इतकी वर्षं पाठीच बघत आलीय. मी त्यांना काही बोललो नाही. पण तिघी मैत्रिणींनो, तुमच्यासाठी हा एपिसोड करतोय त्याचं अर्धं कारण तो "कल्टी मार" आहे.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे बुकिंग करून न जाणं. "फ्रीच आहे, करून ठेवू तीन जागा, सकाळी बघू." ग्रुपला मर्यादा असते, तुमच्या तीन जागा अडकल्या, दुसऱ्या तिघांना नाही म्हटलं गेलं. जायचं नसेल तर आदल्या रात्री कॅन्सल करा. दोन टॅप लागतात.

बरं, पैशाचं झालं. आता टूर चांगली असते का? इथे मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण यूट्यूबवर हे कोणी सांगत नाही.

ज्याचं पोट टिपवर आहे तो काय सांगेल? ज्याने लोक खूश होतील ते. बर्लिनमध्ये ब्रांडेनबुर्ग गेटसमोर उभं राहिलात की बाजूला हॉटेल आडलोन आहे. त्या चौकात दोन शतकांचा इतिहास आहे, नेपोलियनपासून भिंतीपर्यंत. पण बहुतेक गाइड बोट दाखवतात ते आडलोनच्या खिडकीकडे, जिथून २००२ मध्ये मायकल जॅक्सनने आपलं बाळ बाहेर धरलं होतं. सगळे हसतात, फोटो काढतात. त्यात चूक काही नाही, पण त्या पाच मिनिटांत दुसरं काहीतरी राहून गेलं.

प्रागचं घड्याळ बघा. जुन्या चौकातलं ते खगोलीय घड्याळ १४१० सालचं. तिथे गोष्ट सांगतात की हानुश नावाच्या कारागिराने ते बनवलं, आणि त्याने दुसरीकडे तसं बनवू नये म्हणून नगरपालिकेच्या लोकांनी त्याचे डोळे फोडले. ऐकल्यासारखी वाटते ना? ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडले, तीच ही गोष्ट, फक्त डोळे. दोन्ही दंतकथा. घड्याळ बनवलं कादान गावच्या मिकुलाशने, आणि हानुश त्याच्या कितीतरी वर्षं नंतरचा. चांगला गाइड आधी दंतकथा सांगतो आणि मग ती खोटी का ते सांगतो. साधा गाइड डोळे फोडून पुढच्या चौकात जातो. दोघांनाही टिप सारखीच मिळत असेल, किंवा दुसऱ्यालाच जास्त.

आता आपल्या घरचा विषय. लिस्बनला टूर घेतली तेव्हा मी मुद्दाम वाट बघत होतो की हा वसईचं नाव घेतो का. १५३४ ते १७३९, दोनशे पाच वर्षं पोर्तुगीज वसईत होते. त्यांच्या उत्तर प्रांताचा कारभार तिथून चालायचा. माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर, ही आपली सगळी किनारपट्टी त्यांची ठाणी होती. १७३९ च्या जानेवारीत तारापूरच्या किल्ल्यावर मराठ्यांनी हल्ला केला, त्यात बाजी भिवराव पडले, आणि मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्यानंतर सोळा वर्षांनी, १ नोव्हेंबर १७५५ ला, लिस्बनचा तो मोठा भूकंप झाला. टूरमध्ये भूकंप भरपूर होता. मसाले होते, वास्को द गामा होता, गोवा एका वाक्यात होतं. वसई नव्हती.

शेवटी मी विचारलं. पोर्तुगीज वसईला बसाइं म्हणायचे, ते नाव त्याने ऐकलं होतं. तो म्हणाला, तासाभराचा विषय आहे, पण ग्रुपमधले वीस जण कस्टर्डचे टार्ट कुठे चांगले मिळतात ते विचारतात, तू पहिला आहेस. मला त्याचा राग आला नाही. तारापूर एमआयडीसीतल्या माणसाला तरी किल्ल्याचं कुठे माहीत असतं. पण एक लक्षात आलं, की ही टूर म्हणजे शहराची तोंडओळख. पहिल्या दिवशी घ्यायची, रस्ते कळतात, कुठे परत यायचं ते कळतं. ज्या विषयाशी तुमचं काही नातं आहे, तो विषय वेगळे पैसे मोजून नीट ऐकायचा.

आणि काही जागा तर छत्रीमागे बघायच्याच नाहीत असं माझं मत आहे. बर्लिनजवळचं साक्सनहाउसेन, पोलंडमधलं आउशविट्झ. या छळछावण्या आहेत. आउशविट्झला स्मारकाचे स्वतःचे गाइड आहेत आणि दर ठरलेला आहे. साक्सनहाउसेनला गाइडला स्मारकाची परवानगी लागते. तिथे सांगणाऱ्याला "लोक खूश झाले का" हा विचार करायला लागू नये.

खरोखर फुकट काय, तेही सांगतो. बर्लिनमध्ये राइखस्टागच्या, म्हणजे संसदेच्या, काचेच्या घुमटावर जायला पैसे लागत नाहीत, फक्त आधी नाव नोंदवायला लागतं. ऑडिओ गाइडही मिळतो. टोपोग्राफी ऑफ टेरर हे नाझी काळावरचं प्रदर्शन, तिथेही तिकीट नाही. ज्यांचं बजेट अगदीच घट्ट आहे त्यांनी हे दोन नीट बघावं, टिपची टूर सोडून द्यावी. काही बिघडत नाही.

आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांनी दोनदा विचार करा. अडीच तास उभं राहणं आणि चालणं, तेही दगडी रस्त्यांवर, बसायला मध्ये एखादाच ब्रेक, सार्वजनिक टॉयलेटला बहुतेक ठिकाणी पैसे. वर इंग्लिश, तेही वाऱ्यात आणि घाईत. बाबा तासाभरात कंटाळतात आणि मग सगळे एकमेकांवर चिडतात. सहा जणांचं कुटुंब असेल तर दहाच्या हिशोबाने साठ युरो झालेच. त्यात थोडे घालून फक्त तुमच्यासाठी गाइड मिळतो का ते विचारून बघा, तो तुमच्या चालीने चालेल. शिवाय बऱ्याच टूर सहा-आठच्या वर मोठा ग्रुप घेतही नाहीत.

छोट्या गोष्टी पटकन. पाच आणि दहाच्या नोटा सुट्ट्या ठेवा, पन्नासची नोट काढून "चेंज आहे का" विचारायची वेळ आणू नका. हल्ली बरेच जण कार्ड किंवा क्यूआर घेतात, पण सगळे नाही. मधूनच निघायचं असेल तर गाइडला सांगून, जेवढी ऐकली तेवढ्याचे देऊन निघा. व्हेनिसला २०२४ पासून ग्रुप पंचवीसच्या वर नेता येत नाही आणि लाउडस्पीकरला बंदी आहे. तिथे चाळीस जणांची टूर कोणी विकत असेल तर लांब राहा. इटलीत गाइडला लायसन्स लागतं, ते विचारलंत तर कोणी वाईट मानत नाही.

आता पालघरच्या एका मुलाचा मेसेज. म्हणतो, "आपल्याकडे अशी टूर सुरू केली तर?" कर ना, मी येतो. पण टिपवर नको. विचार कर, पालघरची टूर कुठून सुरू होणार? हुतात्मा स्तंभापासूनच. १४ ऑगस्ट १९४२, तहसील कचेरीवर निघालेला मोर्चा, गोळीबार, आणि पाच जण: काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र चुरी, रामप्रसाद भीमाशंकर तिवारी, सुकुर गोविंद मोरे. आपण रोज तिथून जातो, पाचही नावं सांगता येणारा मला क्वचित भेटलाय. ही नावं सांगून झाल्यावर तू टोपी पुढे करशील? हात पुढे होणार नाही. मग दुसऱ्या आठवड्यात तू हळूच एखादा विनोद घालशील, तिसऱ्या आठवड्यात एखादी भुताची गोष्ट. दोनशे रुपये तिकीट ठेव, आधीच घे, आणि मग जे सांगायचंय ते सांग. मुंबईत खाकी टूर्सवाले ठरलेले पैसे घेऊनच हेरिटेज वॉक करतात आणि लोक येतात.

तर तिघी मैत्रिणींनो, बर्लिनला पहिल्या दिवशी सकाळची टूर घ्या, तिघींचे मिळून तीस युरो आत्ताच बजेटमध्ये लिहून टाका. प्रागला गाइडने हानुशची गोष्ट सांगितली की विचारा, "मग मिकुलाश कोण?" काय उत्तर आलं ते मला कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये ट्रॅव्हल इन्शुरन्स घेऊ, त्यावरचे प्रश्न पाठवून ठेवा.