झाले की कळवा

श्रोतेहो, गिरणीत दळण टाकल्यावर काही जण दर पाच मिनिटांनी 'झाले का हो?' म्हणून विचारतात. शहाणा माणूस 'झाले की कळवा' असे सांगतो आणि आपल्या कामाला लागतो. संगणकाच्या प्रोग्रॅममध्येही हाच प्रसंग येतो. पडद्यावरचे बटण कोणी केव्हा दाबील, याचा नेम नाही. म्हणून बटणाला आधीच सांगून ठेवायचे, 'दाबले की मला हाक मार.' या हाकेचे नाव कॉलबॅक.

आता खरी मेख पाहा. बटणाने हाक मारायची कोणाला? त्याच्या घडणीतच 'बँकेचा पडदा' असे लिहून टाकले, तर ते बटण रेल्वेच्या तिकिटाच्या पडद्याला निरुपयोगी ठरेल. म्हणून बटण नावगाव विचारत नाही. ते एवढेच म्हणते, 'ज्याच्यापाशी ऑनक्लिक ही क्रिया आहे, तो कोणीही चालेल.' जावा भाषेत अशा कराराला इंटरफेस म्हणतात.

हा करार ठेवावा कुठे? अँड्रॉइडमध्ये बटणासारख्या घटकांचा मूळ क्लास, म्हणजे साचा, 'व्ह्यू' हा आहे. करार त्याच्याच पोटात लिहिला आहे. म्हणून त्याचे पूर्ण नाव 'व्ह्यू.ऑनक्लिकलिसनर'. नावातच कूळ आले! दुसऱ्या कोणाचा असाच करार असला, तरी घोटाळा होत नाही. आणि पोटात असला म्हणून तो बांधलेला नाही बरे का! असा इंटरफेस आपोआप स्टॅटिक असतो. व्ह्यूची एकही वस्तू तयार नसताना कोणताही क्लास तो पाळू शकतो. 2014 साली जावाच्या आठव्या आवृत्तीत लॅम्डा आले, आणि एकाच क्रियेचा असा करार एका ओळीत पुरा करता येऊ लागला. करार मात्र तोच राहिला.

एक सावधगिरी मात्र अनुभवाने सांगतो. माझ्या एका प्रोग्रॅममध्ये गाणी वाजवणाऱ्या सेवेकडे प्रत्येक पडदा आपला निरोप ठेवी, पण बंद होताना तो काढून घेत नसे. सेवा निरोप धरून बसे, त्यामुळे मिटलेले पडदेही स्मृतीत अडकून पडत. शेवटी जागा संपली आणि सारा प्रोग्रॅमच कोसळला. दोष माझाच होता.

तेव्हा 'कळवा' म्हणून जरूर सांगा. पण गाव सोडताना 'आता कळवू नका' हे सांगायला विसरू नका.