अंगठा किती वेळा लावला?

सोमवारी बचतीचे पैसे गोळा करताना आमच्या गटातल्या एक काकू म्हणाल्या, "बाई, मी कोणाला फोनच करत नाही, तरी बॅलन्स संपतो कसा?" आम्ही आधी हसलो. मग एकीने त्यांना फोन लावून पाहिला, तर पलीकडे सिनेमाचं गाणं! काकूंनी ते कधी मागितलंच नव्हतं. बटणांचा साधा फोन, एखादं बटण दाबलं गेलं असेल नाहीतर आणखी काही, पण दर महिन्याला पैसे कापले जात होते.

कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन लावला. मराठीसाठी हे दाबा, रिचार्जसाठी ते दाबा, करता करता चुलीवरची भाकरी करपली आणि फोन कट. तिसऱ्या दिवशी माणूस भेटला. तो म्हणाला, "तुमच्या संमतीनेच सुरू झालंय." आम्ही म्हटलं, मग तक्रार लिहून घ्या आणि तिचा क्रमांक द्या. तेव्हा कुठे त्याचा आवाज नरम झाला. तो क्रमांक आम्ही तारखेसह गटाच्या वहीत लिहिला. तक्रारीसाठी १९८ हा फुकटचा नंबर आहे, आणि असली गाणी, ज्योतिष, क्रिकेटचे निरोप बंद करायला १५५२२३. गाणं त्याच दिवशी थांबलं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. काकूंच्या नावावर आणखी काही आहे का, ते बघायला एकीच्या मुलीने आपल्या फोनवर 'संचार साथी' हे सरकारी संकेतस्थळ उघडलं. काकूंचा नंबर टाकला, काकूंच्याच फोनवर ओटीपी आला, आणि यादीत नंबर दिसले दोन! दुसरा काकूंनी जन्मात पाहिलेला नाही.

मग त्यांना आठवलं. बाजाराच्या दिवशी छत्रीखाली बसलेल्या पोराकडून सिम घेतलं होतं. तो म्हणाला होता, "मावशी, अंगठा उठला नाही, परत लावा." आता आपले अंगठे खरंच उठत नाहीत. खुरपणी, शेण, भांडी यांनी रेघा झिजलेल्या. रेशन दुकानातही तीनतीनदा लावतो. म्हणून संशय येत नाही. पण त्या दुसऱ्या अंगठ्यावर दुसरं सिम निघू शकतं, आणि त्यावरून कोणी फसवाफसवी केली तर पोलीस आधी काकूंच्याच दारात!

हे नवं नाही. २०१७ साली सिमला आधार जोडताना एका मोठ्या कंपनीने ग्राहकांना नीट न सांगता त्यांच्या नावाने पेमेंट बँकेत खाती उघडली होती. गॅसचं अनुदान नेहमीच्या बँकेऐवजी तिकडे जाऊ लागलं आणि बायका बँकेत विचारत बसल्या. शेवटी आधार प्राधिकरणाने त्या कंपनीची आधार पडताळणी काही काळ थांबवली.

काकूंच्या यादीतल्या त्या नंबरापुढे आम्ही 'हा माझा नंबर नाही' हा पर्याय निवडला. तिथेही एक क्रमांक मिळतो, तोही वहीत गेला. आता सिम घेताना कोणी 'परत लावा' म्हणालं, तर आम्ही विचारतो, "पहिला का गेला नाही? स्क्रीन दाखव." पोरं चिडतात. चिडू देत.

आणि खात्यातून पैसेच गेले असतील तर कंपनीच्या रांगेत बसू नका, लगेच १९३० लावा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

कापलेल्या पैशांचं उत्तर अजून आलेलं नाही. नाही आलं, किंवा पटलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला फी नाही. अर्ज तयार आहे. येत्या सोमवारी सगळ्याजणी आपापले फोन घेऊन येणार आहेत. ओटीपी मोठ्याने वाचायचा नाही, हे काकूंनी आत्तापासूनच सगळ्यांना बजावून ठेवलंय.