जखमी गाजराची तटबंदी

गाजराची चकती विळीवर कापली म्हणजे तिचा प्राण गेला, असें आपण समजतों. वस्तुतः ती चकती पुष्कळ वेळ जिवंत असते. तिच्या कापलेल्या अंगाशीं जी लगबग सुरू होते, तिचीच हकीगत मी आज सांगणार आहें.

आपणांस घाव झाला तर रक्तांतील पेशी तेथें धांवून येतात. वनस्पतीची पेशी जागची हलूं शकत नाहीं, कारण तिच्याभोंवतीं भिंत आहे. रॉबर्ट हूक यानें १६६५ सालीं बुचाच्या कापांत पाहिले ते या भिंतींचेच रिकामे कोठे. तेव्हांपासून भिंत म्हणजे निर्जीव कवच, ही समजूत फार दिवस टिकली. १९६० सालीं लॅम्पोर्ट आणि नॉर्थकोट यांना या भिंतींत हायड्रॉक्सिप्रोलीन नांवाचें अमिनो आम्ल आढळलें. आपल्या कातडीला आणि कंडरांना चिवटपणा देणाऱ्या कोलॅजेन प्रथिनाचें तें खास लक्षण! तें झाडांत असेल, अशी कोणाची अपेक्षा नव्हती. भिंतींतील या प्रथिनाला लॅम्पोर्टनें ‘एक्स्टेन्सिन’ म्हटलें. भिंत ताणण्याच्या कामीं तें येत असावें, हा त्याचा तर्क. पण भिंत आवळून घट्ट करणें हेंच त्याचें काम अधिक दिसतें. नांवें घाईनें ठेवलीं म्हणजे असें व्हावयाचेंच.

१९८५ सालीं चेन आणि वार्नर यांनी गाजरांतून या प्रथिनाचें जनुक वेगळें काढलें. त्यांत एक सेरीन व चार प्रोलीन हा एकच पंचक पुनःपुन्हां येतो. मागून त्या प्रोलीनांचें हायड्रॉक्सिप्रोलीन बनतें. गाजर कापलें कीं या जनुकाचे निरोप, म्हणजे आर. एन. ए. चे रेणू, भराभर वाढतात आणि भिंतींत नवें प्रथिन येऊन बसतें.

परंतु निरोप लिहून प्रथिन घडविण्यास वेळ लागतो, आणि बुरशी तर उघड्या जखमेची वाटच पाहत असते. तोंवर काय? या प्रश्नाचें उत्तर १९९२ सालीं घेवडा व सोयाबीन यांच्या पेशींवरील प्रयोगांतून मिळालें. बुरशीच्या अर्काचा स्पर्श होतांच हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साह्यानें भिंतींतील जुनींच प्रथिनें एकमेकांत सांधलीं जातात. अनुकूल स्थितींत हें काम दोन मिनिटांत सुरू होऊन दहा मिनिटांत आटोपतें. म्हणजे किल्ल्यांत आधींच असलेले दगड प्रथम जोडून घ्यावयाचे. नवे दगड मागाहून.

मग जनुकाला घावाची वार्ता देतो कोण? जखमेंतून इथिलीन वायु निघतो. तोच दूत असेल, असें वाटणें साहजिक होतें. एकर आणि डेव्हिस यांनी १९८७ सालीं गाजराला नुसता इथिलीन दिला, तेव्हां या जातीच्या प्रथिनांचे दोन लांबींचे निरोप वाढले. गाजर कापलें, तेव्हां त्यांहून आंखूड असा तिसराही निघाला. तो वायूनें कांहीं केल्या उमटला नाहीं. त्याला सुरीच लागली.