वीज कुठपर्यंत पोचली?



संयोजकांनी सांगितलं, "तुझ्या धंद्यातलं काहीतरी बोल." मी जुन्या गाड्यांचं वायरिंग करतो, तेव्हा त्यातलंच एक सांगतो.

आपल्याच वर्गातल्या एका मित्राकडे वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. मित्राची गाडीही त्याच वाटेवर होती. थोडं अंतर चालायची आणि बंद पडायची. दोन नव्या बॅटऱ्या झाल्या, कॉइल बदलली, तरी तेच. भंगारवाल्याशी बोलणंही झालं होतं. काकू मला म्हणाल्या, "अरे, तू एकदा बघ. मग काय ते ठरवू."

या गाडीत विजेच्या दोन वाटा असतात. पहिली खर्चाची: बॅटरीतून चावीकडे, तिथून कॉइलला, पुढे डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमधून बॉडीला. दुसरी जमेची: इंजिन डायनॅमो फिरवतं आणि त्याची वीज कटआउटमधून परत बॅटरीत येते. जमा थांबली की खर्च काही वेळ चालतो, मग गाडी उभी राहते.

माझं हत्यार साधं: दोन तारा जोडलेला बल्ब. तारांच्या रंगांवर मी विसंबत नाही. चाळीस वर्षांत ज्याच्या हाताला जी तार लागली ती त्याने जोडलेली असते. बल्बची एक तार बॉडीला धरली, दुसरी एकेका जोडावर टेकवली. चावीपाशी उजेड, कॉइलपाशी उजेड. कॉइलच्या पलीकडच्या टोकावर, इंजिन फिरवताना, बल्ब उघडझाप करू लागला. म्हणजे पॉइंट काम करत होते. खर्चाची वाट शाबूत.

मग मीटर लावला. इंजिन बंद असताना बॅटरी १२.५ व्होल्ट. चालू करून वेग वाढवला की आकडा १४ च्या आसपास जायला हवा. तो उलट उतरत होता. डॅशबोर्डवरचा लाल दिवाही विझेना. त्या दिव्याच्या एका बाजूला बॅटरीची वीज असते, दुसऱ्या बाजूला डायनॅमोची. दोन्ही बरोबरीला आल्या की तो विझतो. तो बिचारा रोज खरं सांगत होता.

डायनॅमो ते कटआउट अशा दोन तारा जातात. दोन्ही टोकं सोडवून बॅटरी आणि बल्बने तपासल्या. जाड तारेत बल्ब लागला, बारीक तारेत नाही. वरून तार धडधाकट, आतलं तांबं तुटलेलं. हातभर नवी तार घातली. आकडा १४ वर गेला, दिवा विझला.

आपण भिवंडीची माणसं. मागावर धागा तुटला तर विणकर बीम बदलत नाही. टोक शोधतो, गाठ मारतो. गाडीतही आधी वीज कुठपर्यंत पोचली ते बघावं, मग खिशात हात घालावा.

त्या वायरिंगचा नकाशा मी वहीच्या कागदावर काढून गाडीतच ठेवला आहे. पुढे जो कोणी बोनेट उघडेल, त्याला उपयोगी पडेल. काकू सध्या दर रविवारी त्याच गाडीतून देवळात जातात.