समुद्राचा वाटा

बंगळूरच्या पूर्वेस व्हाइटफील्ड आहे. म्हैसूरच्या महाराजांनी १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांना शेतीसाठी जमीन दिली, तिच्यावर ही वस्ती वसली. आज तेथे संगणक-उद्योगाची उंच कार्यालये आहेत आणि त्यांच्या आसपास अनेक मराठी बिऱ्हाडेही आहेत. तेथे पुरवले जाणारे कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरांवरून, पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून आणावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये या योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, तो शहरात सामावलेल्या ११० खेड्यांसाठी.

वस्तुतः व्हाइटफील्ड कावेरीच्या खोऱ्यात नाही. तेथील सांडपाणी वर्तूर तलावातून दक्षिण पिनाकिनीत उतरते आणि कडलूरजवळ समुद्रास मिळते. कावेरीकडे ते परतत नाही. म्हणूनच कावेरी लवादाने २००७ साली बंगळूरचा केवळ एक तृतीयांश भाग हिशेबात धरला होता. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सबंध शहराची तहान मान्य केली आणि ४.७५ अब्ज घनफूट पाणी वाढवून दिले.

तहानलेल्याला पाणी द्यावे, यात वाद नाही. परंतु नदीच्या दुसऱ्या टोकालाही माणसे आहेत. तेथे तंजावरचा त्रिभुज प्रदेश पसरला आहे. व्यंकोजीराजांच्या वंशाने १८५५ पर्यंत तेथे राज्य केले, आणि त्यांच्यामागून गेलेल्या कुटुंबांतून मराठी अद्याप ऐकू येते. ही भूमी कावेरीने वाहून आणलेल्या गाळाची आहे. कृष्णराजसागर १९३१ साली पूर्ण झाला, मेत्तूर १९३४ साली. धरणांनी शेतीला नियमित पाणी दिले. पण पूर अडला आणि त्याबरोबर गाळही जलाशयांच्या तळाशी बसू लागला.

कोल्लिडम आणि वेळ्ळार या नद्यांच्या मुखांदरम्यान पिच्चावरमचे खारफुटीचे वन आहे. खारफुटीला खारे पाणी सोसते, पण निव्वळ खारे मानवत नाही. गोडे पाणी घटले की क्षार वाढतो, नाजूक जाती मागे पडतात आणि कोकणात ज्याला तिवर म्हणतात ते चिवट झाडच काय ते फोफावते. प्रवाहाचा जोर ओसरला की मुखाशी वाळू साचते, आणि कोळंबीच्या पिलांची आत येण्याची वाट अरुंद होते.

या कोळंबीवर इरुळर लोकांची चूल पेटते. पाण्यात उतरून, हातांनी चिखल चाचपून ते ती धरतात. वनाच्या ऱ्हासाचा सारा दोष धरणांच्या माथी मारणे न्याय्य नाही. पूर्वीच्या सरसकट तोडीनेही ते खंगले होते. पुढे चर खणून भरतीचे पाणी आत खेळवले गेले, तेव्हा उजाड जागी पुन्हा रोपे रुजली, आणि त्या कामात इरुळरांचे हात होते. मात्र चरांतून भरती आणता येते. नदी आणता येत नाही.

लवादाने ७४० अब्ज घनफूट पाण्याची वाटणी केली. त्यांत पर्यावरणासाठी १० आणि समुद्राकडे अपरिहार्यपणे जाणारे म्हणून ४ धरले. बाकी सर्व राज्यांचे. समुद्राला मिळालेले पाणी वाया गेले, असे आपण सहज म्हणतो. पिच्चावरमच्या चिखलात हात घालणाऱ्या माणसाला मात्र तेच पाणी अन्न असते. पाण्याच्या पुढील प्रत्येक वाटणीत हा वाटेकरीही मोजला जावा, एवढीच न्यायाची अपेक्षा आहे.