'वय झाले' या उत्तराविषयी



ज्युबिलीच्या दिवशी मागील पिढीचे स्मरण करावे हे उचितच आहे; परंतु त्या पिढीतील जी माणसे आज आपणांमध्ये बसली आहेत, त्यांच्या छातीविषयी चार शब्द बोलावे असे आम्ही योजिले आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात काय किंवा तापीकाठच्या शहाद्याकडे काय, पहाटे खोकणाऱ्या आजीस 'धाप का लागते?' असे विचारावे, तर 'वय झाले, बाबा,' एवढेच उत्तर मिळते. या उत्तरात अर्धे सत्य आहे, आणि म्हणूनच ते घातक आहे.

मनुष्याच्या फुप्फुसांची शक्ती वयाच्या पंचविशीच्या सुमारास पूर्णत्वास पोहोचते. पुढे निरोगी माणसातही ती हळूहळू ओसरते. जोराने सोडलेल्या श्वासाची पहिल्या सेकंदातील हवा वर्षाकाठी सुमारे 30 मिलिलिटरने कमी होते. एवढ्या घटीने म्हातारा मनुष्य सावकाश चालेल, पण खाटेस खिळणार नाही. ज्या आजारास डॉक्टर सीओपीडी म्हणतात, त्यात ही घट पुष्कळांमध्ये याहून फार वेगाने होते. लोक त्यासही दमाच म्हणतात. तथापि खरा दमा येतो नि जातो, हा मात्र आला की मुक्कामास राहतो.

आता वय म्हणजे काय, ते पाहू. आपले शरीर सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे, आणि जुन्या पेशींच्या जागी नव्या याव्यात म्हणून पेशी विभागतात. 1961 साली लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखविले की मानवी पेशी काचपात्रात वाढविल्या असता सुमारे 50 वेळा विभागून थांबतात. पेशीतील गुणसूत्रांच्या टोकांस टेलोमिअर नावाची टोपणे असतात, बुटाच्या नाडीच्या टोकास असते तशी. प्रत्येक विभागणीत ती थोडी झिजतात; फार झिजली की पेशी थांबते. या टोपणांवरील संशोधनाबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर व जॅक शोस्टाक यांस 2009 साली नोबेल पारितोषिक मिळाले. थकलेली पेशी मरून जाती तर बरे होते. पण ती जागा अडवून बसते आणि आसपास दाह वाढविणारे रस सोडीत राहते. आता धुराचा हिशेब करा. धूर फुप्फुसातील पेशींस जखमी करतो, जखम भरण्यास नवी पेशी लागते, नव्या पेशीस विभागणी लागते, आणि विभागणीने टोपण झिजते. असे रोज, दोन वेळा, तीस वर्षे. साठ वर्षांच्या बाईच्या छातीत अशा रीतीने ऐंशी वर्षांची फुप्फुसे येऊन बसतात. वय झाले हे खरे. पण ते तिचे नव्हे, तिच्या फुप्फुसांचे.

मग एकाच चुलीपुढे बसणाऱ्या दोन जावांपैकी एकीचीच छाती का बसते? येथे वारशाचा प्रश्न येतो. वारशाचे नियम प्रथम उलगडले ते ब्रुनच्या मठातील ऑगस्टीनियन संन्यासी ग्रेगोर मेंडेल यांनी; वाटाण्याच्या वेलींवरील त्यांचा निबंध 1866 साली छापला गेला (आपल्या शाळांतील मुलांस हे अवश्य सांगावे). स्वीडनमध्ये 1963 साली लॉरेल व एरिक्सन यांस असे रोगी आढळले, की ज्यांच्या रक्तात अल्फा-1 अँटिट्रिप्सिन हे फुप्फुसांचे रक्षण करणारे द्रव्य जन्मतःच फार कमी होते. हा दोष उत्तर युरोपात अधिक, आपल्याकडे विरळ. 2007 साली काही कुटुंबांत टेलोमिअर राखणाऱ्या जीनमध्येच दोष सापडला, आणि त्या कुटुंबांतील माणसांची फुप्फुसे कठीण होत जात होती. बहुतेकांच्या बाबतीत मात्र एक मोठा दोष नसून लहान लहान पुष्कळ फरक मिळून छाती नाजूक होते.

आपल्या जिल्ह्यास एका वारशाची विशेष ओळख आहे. तो म्हणजे सिकलसेल. भिल्ल, पावरा इत्यादी समाजांत तो आढळतो. एका पालकाकडून दोष आला तर मनुष्य वाहक होतो व बहुधा निरोगी राहतो; दोघांकडून आला तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि फुप्फुसांच्या बारीक वाहिन्या अडवितात. छातीत कळ, ताप, धाप असे झटके वारंवार आले, तर ऐन तारुण्यात फुप्फुसांस कायमची इजा होते. दोघे वाहक विवाहबद्ध झाले तर प्रत्येक अपत्यास पूर्ण आजार होण्याचा संभव चारात एक असतो. लग्न ठरविताना पत्रिका नव्हे, रक्ताची तपासणी पाहावी, असे आम्हांस स्पष्ट वाटते. 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू झाले आहे.

वारसा कोणास बदलता येत नाही. धूर बदलता येतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले की सीओपीडीच्या रोग्यांपैकी 25 ते 45 टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. जगात तंबाखू ओढणारे सुमारे 100 कोटी, तर लाकूड, गोवऱ्या व काडीकचऱ्याचा धूर घेणारे सुमारे 300 कोटी, असा त्यांचा अंदाज होता. गॅसची शेगडी घरात असूनही सिलिंडरच्या किमतीमुळे पऱ्हाटीवर रांधणाऱ्या भगिनींस दोष देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. निदान चूल उघड्या पडवीत न्यावी, आणि तान्हे मूल पाठीशी बांधून धुरात बसू नये. कारण लहानपणी खुंटलेली फुप्फुसे पंचविशीतही पूर्ण भरत नाहीत.

बिडी ओढणाऱ्या बांधवांस फ्लेचर व पीटो या इंग्रज संशोधकांचे 1977 सालचे अनुमान सांगतो. गेलेली शक्ती परत येत नाही. पण ज्या दिवशी बिडी सुटते, त्यानंतर घटीचा वेग न ओढणाऱ्या माणसाएवढा मंदावतो. पन्नाशीत सोडली तरी लाभ आहे.

आणि सुनांनो, आजीस दवाखान्यात न्याल तेव्हा फुंकून पाहण्याची, म्हणजे स्पायरोमेट्रीची, तपासणी मागा. डॉक्टर विचारतील, 'बिडी ओढते का?' आजी 'नाही' म्हणेल. तेवढ्यावर थांबू नका. ती किती वर्षे चुलीपुढे बसली, तो आकडा तुम्ही सांगा.